परळीच्या चौकातला रणगाडा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही परळीला जायला गेवराई सोडली. मीटरवर एकेचाळीस हजार दोनशे सहा किलोमीटर होते. शेजारच्या सीटवर यान बसले होते. वय सत्त्याहत्तर, राहणार प्राग, रात्रीपुरते आमचे पाहुणे. खिडकीतून मान बाहेर काढून ते माझ्या बायकोचा निरोप घेत होते.

"वयनी, लई (फार) झ्याक जेवण. येतो बे."

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. यानना मराठी शिकवली ती माझ्या शिवामामांनी. मामा मूळ तलवाड्याचे. शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकायला प्रागला गेले आणि तिथल्या होस्टेलात दोन वर्षं यानबरोबर एका खोलीत राहिले. 'बे' हा आदराने जोडायचा शब्द आहे, असं मामांनी तेव्हा सांगून ठेवलं होतं आणि या सभ्य माणसाने ते आजवर सांभाळलं. मी दुरुस्ती केली नाही. सत्तावन्न वर्षांनंतर काय करायची?

गढीपर्यंत रस्ता मोकळा होता. पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या. यान थोडं मराठीत, बरंचसं इंग्रजीत बोलत होते. अडुसष्ट साली त्यांच्या देशात कम्युनिस्ट सरकारनेच दारं-खिडक्या उघडली होती. वर्तमानपत्रांवरची बंधनं उठली आणि लोक चौकात उभे राहून मोठ्याने बोलू लागले. रशियाला ते खपलं नाही. ऑगस्टात रणगाडे आले. अमेरिकेने निषेध केला आणि तिथेच थांबली. पुढे कॉलेजात एक कागद फिरला : हे सैन्य मदतीला आलं आहे, आम्ही त्याचं स्वागत करतो, खाली सही करा. यानने केली नाही. त्यांना काढून टाकलं आणि त्यांनी अठरा वर्षं एका बॉयलरवर कोळसा ओढला.

मामांनी सही केली होती.

हे मला यानकडून नव्हे, मामांकडून ठाऊक होतं. डिग्री घेऊन मामा परतले, परळीला नोकरी केली, निवृत्त होऊन तिथेच राहिले. त्यांनी एक पत्र टाकलं नाही की तिकडून एक आलं नाही. मग त्यांच्या नातीने इंटरनेटवर यानना शोधून काढलं. "येतो" असा दोन अक्षरी निरोप आल्यापासून मामा मला रोज फोन करत होते. "तो विचारंल, कावून (का) सही केलीस. म्या काय सांगू रे?"

बीडच्या बायपासला चहाला थांबलो तेव्हा माझा मामेभाऊ महादेव याने पाठवलेला फोटो मोबाईलवर आला. त्यांच्या गल्लीच्या तोंडावरच्या चौकात स्वागताचा फ्लेक्स लागला होता. वर मामा आणि यान यांचे चेहरे, मधे गुलाबाची फुलं, त्याखाली 'सहर्ष स्वागत'. आणि खालचा अर्धा भाग भरून एक रणगाडा.

मी कप घेऊन टपरीच्या मागे गेलो आणि फोन लावला.

"महाद्या, हे काय लावलंस?"

"भारी हाय ना दादा? मोबाईलवर प्राग अडुसष्ट टाकलं, पहिला हाच फोटू आला. फ्लेक्सवाला म्हणला, ह्यो भरदार दिसतोय."

"अरे, ह्याच रणगाड्यानं त्यांचा देश दाबला. आणि तू वर स्वागत लिहिलंस."

महादेव म्हणाला, "वीस बाय दहाचा हाय, दादा."

"काढ तो."

"हायड्रानं (क्रेनने) लावलाय. वरच्या दोऱ्यांना शिडी पुरत न्हाई, आन् हायड्रा गेला अंबाजोगाईला. दुपारशिवाय येत न्हाई. तुमी जरा दमानं या."

इतकी लबाडी मी आयुष्यात केली नसेल. वडवणीला टायरमधली हवा तपासली, जी पुरेशी होती. पुढे एका शेतात ज्वारी दाखवायला यानना उतरवलं. यानने कणीस हातात घेऊन शेतकऱ्याला विचारलं, "कसं काय बे?" तो माणूस इतका खूश झाला की ताक पाजल्याशिवाय सोडेना. त्यात पंचवीस मिनिटं गेली, मी कसलाही प्रयत्न न करता. तेलगावला जेवण. भाकरी, पिठलं, ठेचा. ठेचा जपून खा म्हणून सांगेपर्यंत यानने चमचाभर तोंडात टाकला होता. डोळ्यांतून धारा लागल्या, हॉटेलवाला गूळ घेऊन धावला आणि मी मनात म्हटलं, आणखी पंधरा मिनिटं. पाहुण्याच्या हालांचा असा हिशेब करताना शरम वाटली. पण हसूही आवरेना.

सिरसाळ्याला मी चौथ्यांदा चहा म्हटल्यावर यानने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू घाबरलास. कावून?"

"न्हाई बे," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी आदराने मान लववली.

पुढे परळीच्या थर्मल वीजकेंद्राची धुराडी दिसली तसे ते ताठ बसले. कोळशाच्या राखेचे टँकर समोरून येत होते आणि यान त्यांच्याकडे गाववाले भेटल्यासारखे बघत होते. महादेव फोन उचलत नव्हता. दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही गल्लीशी पोहोचलो. मीटरवर सकाळपासून एकशे अठरा किलोमीटर वाढले होते, आणि फ्लेक्स जागेवर होता; हायड्रा आलाच नव्हता.

शिडीवर मामा होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, धोतर खोचलेलं, हातात ब्रश. खाली महादेव शिडी धरून काळ्या रंगाचा डबा सावरत होता. रणगाड्याची नळी आणि एक चाक तेवढं उरलं होतं. सत्कारासाठी शाल-नारळ घेऊन जमलेली माणसं माना वर करून बघत होती.

यान उतरले. फ्लेक्सवरचं वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं : वर स्वागत लिहिलंय, आणि रणगाडा कुणाचा हे लावणाऱ्याला ठाऊक नव्हतं. ते शिडीखाली जाऊन उभे राहिले.

मामांनी वळून पाहिलं. उतरले नाहीत. वरूनच म्हणाले, "डिग्री पायजे होती, यान. दुसरं कायबी कारन न्हाई. भ्यालो आन् सही केली."

"ते मला तवाच माहीत होतं," यान म्हणाले. "तू बोलला न्हाईस, त्याचा राग."

मग मला इंग्रजीत सांगितलं की रणगाडे आले तेव्हा साऱ्या प्रागने रस्त्यांच्या पाट्या रंगवून टाकल्या होत्या, सैन्याला वाट सापडू नये म्हणून. हातात ब्रश नसलेला होस्टेलात त्यांच्या मजल्यावर एकच माणूस होता.

ते वर बघून ओरडले, "लई उशीर केलास बे! चाक राह्यलं!"

मामा हसता हसता इतके हलले की शिडी धरायला आम्ही चौघे लागलो. रंगाचा डबा महादेवच्या नव्या सदऱ्यावर उपडा झाला. यानने खाली सांडलेल्या रंगात बोटं बुडवून हाताला येणारं ते चाक स्वतः माखून टाकलं आणि त्याच हाताने शाल घेतली.

संध्याकाळी मी एकटाच परत निघालो. यान आठवडाभर परळीला राहणार होते. दोघांनी मला निरोप द्यायलाही मान वर केली नाही, एका ताटावर बसून इतकं त्यांचं बोलणं चाललं होतं. घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच मी बायकोला सगळं सांगू लागलो. मला जगाच्या राजकारणातलं फार समजत नाही. मोठ्या देशांना लहान देशांच्या सह्या कशाला लागतात, हे अजून कळलेलं नाही. पण सही न करणारा आणि सही करणारा एका ताटात भाकरी मोडताना मी पाहिले. त्यासाठी एकाला सहा हजार किलोमीटरांवरून यावं लागलं आणि दुसऱ्याला शिडी चढावी लागली. दुसऱ्याचं अंतर मला जास्त वाटतं.