मेन स्विचपाशी

"अगं, तुझ्या सासूबाई पडल्यात, उठत नाहीयेत," शेजारच्या रेखाकाकूंचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला ऑफिसात होते. श्वास चालू आहे का, काय झालं, काहीच न विचारता मी किंचाळले, "काकू, त्यांना हात लावू नका! आधी मेन बंद करा!" अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीची मला लग्न झाल्यापासून भीती वाटत आलेली, आणि आज ती खरी झाली असंच वाटलं... पण तसं नव्हतं. हृदयविकाराचा झटका होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईंना जाऊन आता दीड महिना होतोय.

कोलशेतच्या एका कारखान्यात टेस्टिंग विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्या जुने ऑसिलोस्कोप घरी दुरुस्त करायच्या. विजेची लहर पडद्यावर दाखवणारी ही यंत्रं कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून यायची. त्या पडद्यासाठी आत हजारो व्होल्ट खेळतात हे कळल्यावर मी त्या खोलीत केर काढणंसुद्धा सोडलं होतं.

एकदा एका स्कोपचा हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर जळला. तो फक्त त्याच मॉडेलसाठी बनवलेला आणि बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. आईंनी शहाडपासून ठाण्यापर्यंतचे भंगारवाले पालथे घातले. शेवटी जळका उलगडून केसासारखी बारीक तार स्वतःच गुंडाळली आणि वीज तारेबाहेर फुटू नये म्हणून माझ्याच पातेल्यात मेण वितळवून तो त्यात बुडवला. चालू करताना मला हाक मारली.

"मेन स्विचपाशी उभी राहा. मी हात वर केला की बंद कर. आणि मी ओरडले तरी मला धरायला येऊ नकोस हं."

"आई, मला नाही जमणार. निखिलला येऊ दे ना घरी."

"तुझा नवरा घाबरत नाही. मला घाबरणारंच माणूस हवंय."

चट्... निळी ठिणगी उडाली, जळका वास सुटला. त्यांचा हात वर जायच्या आत मी स्विच पाडलेला. मला रडूच फुटलं. आईंनी माझा हात धरला, तर त्यांचाच हात बर्फासारखा गार! "मला काय भीती वाटत नाही होय गं?" त्या म्हणाल्या. मग सगळं पुन्हा उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. दुसऱ्या खेपेला पडद्यावर हिरवी रेघ उमटली. त्यानंतर दर वेळी मीच उभी राहायचे. भीती काही कमी झाली नाही, पण त्यांना एकट्यांना ते करू द्यायची भीती त्याहून मोठी होती. त्या गेल्या त्या दिवशी मात्र घरात त्या एकट्याच होत्या...

परवा कॉलेजवाले टेबलावरचा अर्धवट स्कोप परत न्यायला आले. यंत्र उघडंच होतं. प्लग काढला तरी आत वीज साठून राहू शकते, हे आईंनीच सांगितलेलं, म्हणून इतके दिवस कुणी त्याला शिवलं नव्हतं. रबरी चपला घालून, श्वास रोखून मी वाकले. पडद्याच्या नळीपासून खालच्या पत्र्यापर्यंत एक तार लावलेली होती, दोन्ही टोकांना चिमटे. साठलेली वीज काढून टाकायची तार. छातीत कळ यायच्या आधी लावली की कळ येत असताना, कोण जाणे... पण मागे राहिलेल्यांना धक्का बसू नये एवढं त्या करून गेल्या होत्या.

आईंच्या हाताने लावलेला तो शेवटचा चिमटा सोडवायचा मला धीर झाला नाही. कॉलेजवाल्यांना म्हटलं, आज राहू दे, पुढच्या आठवड्यात या.