केरावरून उचललेलं नाव

माझं नाव केरू. हसून घ्या एकदाचं. केर म्हणजे कचरा, त्याला लाडाने लावलेला ऊ, संपली व्युत्पत्ती. आईची माझ्याआधीची तीन लेकरं गेली होती. म्हणून मी झाल्यावर देवळ्याच्या आमच्या घरी मला सुपात घालून अंगणातल्या केरावर ठेवलं. शेजारणीने "अगं बाई, हे कोणी टाकलं?" म्हणत उचललं आणि आईच्या ओटीत घातलं. यमाला वाटावं, कचराच आहे, नेऊन काय करायचं! गावात धोंडू, दगडू, भिका असे माझे भाऊबंद ढिगाने होते, सगळे याच भीतीतून आलेले. यम इतका बावळट असेल तर माणसं मरतात कशाला, असं मी आईला विचारलं, तर तिने लाटणं उगारलं.

सातपूरच्या कारखान्यात साहेबाने विचारलं, "ये कैसा नाम है?" म्हटलं, "ओरिजिनल." मुलाच्या लग्नात तर व्याह्यांनी पत्रिकेत मला परस्पर केशवराव करून टाकलं. सुनेला म्हणे लाज वाटत होती.

गेल्या वर्षी तिला मुलगा झाला, तोही सातव्या महिन्यात. आधी दोनदा पोटातच गेलेलं. पोर काचेच्या पेटीत, अंगभर नळ्या. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच काही सांगता येणार नाही." सून काचेला कपाळ टेकून "माझं सोनं गं, माझा राजा" असं पुटपुटत होती. म्हटलं, हे यमाच्या कानावर गेलं तर! विश्वास-बिश्वास काही नाही हो माझा! पण तोंडातून निघालंच, "कसलं सोनं? सोललेला उंदीर दिसतोय नुसता. फुकट दिला तरी कोण नेणार याला!"

नर्स भडकली. "आजोबा, लाज नाही वाटत?" मुलगा दंडाला धरून मला बाहेर ओढायला लागला.

"थांबा, बोलू द्या बाबांना," सून म्हणाली. माझ्या नावामागची गोष्ट मुलाने तिला कधीतरी सांगितली असणार. तिने ओढणीने डोळे पुसले आणि काचेकडे वळली.

"खरंच बाबा, कचरा आहे नुसता." मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी रडत ओरडली, "कोणाला नकोयस तू, कार्ट्या! पड माझ्याच गळ्यात!"