आबांचे हात

आमचे आबा नातीशी बोलताना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला थंडी वाजतेय. रत्नागिरीत, ऐन मे महिन्यात. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "हात मोकळे सोडले की बोलायला लागतात. बाईंनी बंदी केलीय."

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. तिथल्या धडधडाटात शेजारच्याचा शब्द कळत नाही, म्हणून माणसं खुणांनी बोलतात. निवृत्त होऊन घरी आले तरी ती सवय सुटली नाही. काही विचारलं की ठरलेलं उत्तर, "बोलायचं काय त्यात?" माझी मुलगी जुई जन्मापासून बहिरी आहे हे कळलं तेव्हा घरात रडारड झाली. आबांनी मात्र तिला मांडीवर घेतलं आणि हातवारे सुरू केले. ती चालायला लागेपर्यंत दोघांची एक भाषाच तयार झाली. भूक, कावळा, होडी, रुसवा, सगळ्याला खूण. अंगणात बसून दोघं आवाज न करता गप्पा मारत आणि मध्येच खदखदून हसत. मी आई असून मला त्यातलं निम्मंही कळत नसे, आणि खरं सांगायचं तर हेवा वाटायचा.

पुढे मुंबईला नेऊन जुईच्या कानात ऐकायचं यंत्र बसवायचं, कॉक्लिअर इम्प्लांटचं, ऑपरेशन केलं. यंत्र सुरू झालं की पोरगी ऐकायला लागेल, अशी आमची भाबडी समजूत. यंत्र सुरू झालं आणि ती किंचाळून रडली. कानात येतंय ते काय आहे, हेच तिला उमगत नव्हतं. रत्नागिरीत तिला शिकवायला ज्या थेरपिस्ट बाई होत्या, त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "आवाज पोचतोय, पण त्याचा अर्थ तिला शिकायचाय. वय हातातून चाललंय. खुणेनं सगळं मिळत राहिलं, तर ती ऐकायचे कष्ट कशाला घेईल? दिवसभर तिच्याशी बोला. आधी शब्द, मग वस्तू."

सगळ्यांच्या नजरा आबांकडे गेल्या. ते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून या अबोल माणसानं तोंड उघडलं. मासे साफ करता करता त्यांची कॉमेंट्री चाले, "हा बघ बांगडा. आता त्याचा कल्ला काढला. आता धुतला हां." पहिल्या दिवशी इंजिनरूममधल्यासारखे ओरडलेच. बाई म्हणाल्या, "आजोबा, हळू. तिला ऐकू येतंय आता." शेजारच्या काकी कुंपणावरून चिडवत, "काय हो आबा, जन्माचं साठलेलं आजच बोलून घेताय काय?" आबा तिकडे लक्ष देत नसत. "यंत्राशी भांडायचं नाय," ते मला सांगत, "त्याच्या कलानं घ्यायचं."

भांडण झालं ते जुईचं. तिला फणसपोळी हवी होती. तिनं खूण केली. आबा डबा मांडीवर घेऊन एकच शब्द म्हणत राहिले, "पोळी. म्हण, पोळी." तिनं परत खूण केली, मग त्यांच्या छातीवर बुक्के मारले, मांडीखालचे हात ओढून काढायला लागली. हक्काचा माणूस अचानक बहिरा झाला होता तिच्यासाठी. माझ्यानं बघवेना. "द्या ना आबा, आजच्या दिवस."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलले नाहीत. "आज देईन गो, उद्याचं काय? माझे हात काय जन्मभर तिच्यासंगती जाणारत?"

त्यानंतर कित्येक दिवस जुई त्यांच्याकडे फिरकली नाही. आबा पडवीत एकटेच बसून तिला ऐकू जाईल असं बोलत राहिले. मग एका दुपारी ती पाठमोरी बसून कोकमाच्या बियांशी खेळत होती. आबांनी सहज हाक मारली, "जुई." तिनं मान वळवली. मी धावत बाहेर आले तर आबा खांबाला टेकून उभे. "ऐकलंन् गो तिनं," एवढंच म्हणाले. पुढे तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तोही "आबा". त्या दिवशी ते विहिरीकडे गेले ते बराच वेळ परतले नाहीत.

आता जुई सातवीत आहे आणि तिची बडबड थांबवावी लागते. मधल्या काळात आबांचा हात कधी सवयीनं वर गेलाच तर म्हणायची, "आबा, तोंडानं सांगा ना." ते हसून हात खाली घेत.

गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. दवाखान्यात जुई खाटेजवळ बसली होती. आबांनी डावा हात कसाबसा उचलला, दोन बोटं गालाला लावली आणि तळवा तिच्याकडे उघडा केला. थोडं थांबून पुन्हा तसंच. जुई टक लावून बघत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक नव्हतं. ती खूण त्या दोघांचीच होती आणि तिच्या मनातून ती केव्हाच पुसली गेली होती.

जुईनं तो हात धरला आणि म्हणाली, "हो आबा." त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "तुला कळलं होतं?"

"नाही," ती म्हणाली. "पण त्यांना वाटायला नको ना, मला कळलं नाही म्हणून."

अजून अधूनमधून ती माझ्यासमोर येऊन उभी राहते. दोन बोटं गालाला लावते, तळवा उघडते आणि विचारते, "आई, काय म्हणत असतील गं आबा?"