साहेबांनी काढलेली ओळख

इस्त्रीवाल्या काकूंकडे गल्लीचं खरं लक्ष गेलं ते प्रचाराच्या सभेत. उमेदवार साहेब बोलता बोलता थांबले आणि पुढच्या रांगेकडे हात करून म्हणाले, "या बघा, आमच्या काकू! यांच्या हातचा चहा प्यायलोय मी. ही माणसं म्हणजे माझं घर." टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंनी मागे वळून पाहिलं, तर मागे नुसता मांडवाचा खांब.

तेव्हापासून त्यांची पंचाईत झाली. आपण यांना चहा दिला कधी? टपरीवर कपडे टाकायला येणाऱ्या कुणालाही त्या चहा विचारत. चेहरे लक्षात राहत नसत. गिऱ्हाईक त्या शर्टावरून ओळखत.

"मला मेलीला आठवतच नाही हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल? तेही तुझ्या चहाबद्दल! माझी तर छाती झाली नसती."

त्याच सुमारास रस्तारुंदीची नोटीस लागली. टपरी त्यात जात होती. शेजारचा सायकलवाला हरकतीचा अर्ज द्यायला निघाला. काकूही उठल्या, तसा तो हसला. "तुम्हाला कशाला अर्ज? तुमचा तर घरोबा!" काकूंना ते पटलं आणि नाहीही पटलं, पण त्या पुन्हा खाली बसल्या. अर्जाची मुदत गेली.

साहेब निवडून आले. आभाराच्या सभेला काकू मुद्दाम गेल्या, टपरीचं कानावर घालायला. तिथे साहेबांनी एका टकल्या मामांकडे हात केला. "यांच्या घरचा चहा प्यायलोय मी!" मामा आधी गोंधळले, मग जुनी ओळख असल्यासारखे हसले. काकू बघतच राहिल्या.

जाताना साहेब नेमके त्यांच्यापाशी थांबले. दोन्ही हात हातात घेतले. "काकू, गुडघे काय म्हणतात?"

गुडघे खरंच ठणकत होते. काकूंना असं भरून आलं की टपरीचं तोंडातून निघेचना. "बरे आहेत," एवढंच म्हणाल्या. साहेब पुढे गेले.

"अगं, या वयात गुडघे कुणाचे दुखत नाहीत?" घरी नवरा म्हणाला.

"पण हात तर खरेच धरले ना त्यांनी?"



टपरी गेली. सायकलवाल्याला पलीकडच्या रस्त्यावर बदली जागा मिळाली. काकू सध्या धाकट्या जावेच्या पडवीत इस्त्री करतात. कपडे नवरा घरोघर फिरून आणतो.