उष्टावणाचा मामा

"सायब, आदी बसा. उभ्या मान्साला सांगून काय उपेग?"

अकोले तालुक्यातल्या त्या वाडीवर मी पाय ठेवला की चुलीपुढून हे वाक्य यायचं. पाठोपाठ पायानंच ढकललेला एक पाट माझ्याकडे सरकायचा, कारण हात लापशीत गुंतलेले. संस्थेच्या बालआहार केंद्रांवर देखरेख ठेवायला मी नगरहून जायचो; चुलीपुढची ती बाई केंद्रावर स्वयंपाक करायची. कोण कोणावर देखरेख ठेवत होतं, ते तुम्हीच ठरवा. सगळी वाडी तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही.

मी वजनकाटा टांगायचो, पोराला झोळीत घालायचो आणि काट्याकडे बघत गंभीर चेहरा करायचो. मावशी पोराची मांडी दोन बोटांत धरून बघायची आणि मी आकडा सांगायच्या आत म्हणायची, "भरलं," नाहीतर, "सुकलं." चुकायचो मीच. एकदा काटा शून्यावर न आणताच मी अख्ख्या वाडीची वजनं घेतली. "काट्यानं आदीच जेवून घेतलेलं दिसतंय," एवढंच ती म्हणाली.

त्या वर्षी वरच्या ठाकरवाडीतल्या एका पोरीचं वजन हलतच नव्हतं. वर्षाची होऊन गेली तरी धड बसत नव्हती. तिचा थोरला भाऊ आदल्या पावसाळ्यात दगावलेला. आई रोज तिला कडेवर घेऊन केंद्रावर यायची, लापशीचा वाडगा घ्यायची, आणि स्वतःच खायची. पोरीला फक्त अंगावरचं दूध.

मी त्या बाईला समोर बसवलं आणि सकस आहारावर अर्धा तास बोललो. तक्ता दाखवला. अंडी, मासे, सफरचंद. तिनं मान खाली घालून सगळं ऐकलं. मग मी वहीत लिहिलं, 'मातेस आहाराचे ज्ञान नाही,' आणि मावशीला मोठ्यानं वाचून दाखवलं. कौतुक होईल असं वाटलं होतं.

"ग्यान हाय तिला," मावशी म्हणाली. "तिचा भाऊ न्हाई हितं."

पोरीचं उष्टावण झालं नव्हतं. अन्नाचा पहिला घास मामानं भरवायचा, आणि मामा मजुरीला जुन्नरकडे गेलेला, त्याचा निरोप नाही. आपणच भरवलं तर भाऊ रुसेल, माहेर तुटेल, या धाकानं ती आई थांबली होती.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी बोलत हुता की!"

मग तिनं हात पुसले आणि मला नीट न्याहाळलं. "सायब, बहीण हाय का तुमाला?"

"नाही."

"आता हाय. चला."

लापशीचा डबा घेऊन ती पुढं, मी मागं. त्या चढावर मी तीनदा बसलो. त्यातले दोनदा घसरून.

वर गेल्यावर मावशी त्या बाईला म्हणाली, "ह्यो मानलेला भाऊ. तुझा रुसला तर त्याला मी बघती. पन आता दुसरं लेकरू जाऊ द्यायचं न्हाई." बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. चिखलानं माखलेल्या माझ्यात तिला काय दिसलं कोण जाणे. तिनं उठून पाट मांडला.

पोर माझ्या मांडीवर आली. पिसासारखी हलकी. मी भरवलेला पहिला घास तिच्या नाकात गेला. तिनं शिंकून तो माझ्या शर्टावर परत केला.

"मामाला आहेर मिळाला," मावशी म्हणाली. दुसरा घास तोंडात गेला. पोरीनं तो घोळवला, घोळवला, आणि गिळला. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तीन महिन्यांनी मावशीनं त्या पोरीची मांडी दोन बोटांत धरली. "भरलं," ती म्हणाली. मी काटा दोनदा तपासला.

पुढं माझी बदली झाली. काही वर्षांनी त्या बाजूला गेलो, तर चुलीपुढं दुसरीच बाई. मावशी नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात वारली होती. तिच्या घरी गेलो. सुनेनं कोरा चहा दिला आणि सांगितलं, शेवटचे पंधरा दिवस सासूबाई कुणाच्याच हातचं काही घेईनात.

"मग?"

"मग तुमची बहीण यायची वरच्या ठाकरवाडीतून. रोज नाचणीची पेज घिऊन. डोकं मांडीवर घ्यायची नि चमच्यानं पाजायची."

"प्यायल्या?"

"प्यायल्या की. पन रोज म्हनायच्या, गुठळ्या झाल्यात गं."