माझ्या पेल्यातलं पाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. स्वतःच्या फजितीचे किस्से सांगून आजवर पुष्कळांना हसवलं — हा एक तेवढा गिळत आलो.

बहात्तरच्या दुष्काळात मी तेरजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. शाळेची औषधपेटी माझ्याकडे. म्हणजे आयोडीन, कापूस आणि माझा रुबाब. बौद्धवाड्यातली सुमन दुसरीत होती. तिची आई गयाबाई दोन कोसांवर तलावाच्या कामाला जायची. तिनं बजावलं होतं, "गुरुजी, पोरीला खरचटलं तरी मला निरोप धाडा. मला हिच्याबिगर कुणी न्हाय."

एकदा सुमनचा घोळणा फुटला, नाकातून रक्त आलं. मी लगेच निरोप धाडला. गयाबाई उन्हात अनवाणी धावत आली, तोवर पोरगी फुगडी खेळत होती. तिकडं मुकादमानं गयाबाईची हजेरी कापली. हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, औषधपेटी सांभाळता का तारऑफिस?" सगळे हसले. मीही हसलो. पण ते मनात रुतून बसलं.

आणि पुढच्या खेपेला — कसं सांगू? — सुमनच्या पोटरीला कुत्र्याचा दात लागला. जरासाच. मी धुतलं, आयोडीन लावलं आणि तिला म्हणालो, "आईला सांग, बाभळीचा काटा लागला. उगं घाबरंल ती." पोरगी शहाणी. तिनं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी गावानं ते कुत्रं पिसाळलं म्हणून काठ्यांनी मारलं.

आता तरी बोलायला हवं होतं ना? जिल्ह्याच्या दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं देत. एसटी होती. वेळही होता. पण काट्याची थाप कुणाची, तेही सांगावं लागलं असतं. उद्या सांगू, म्हटलं — असे किती उद्या गेले.

पिसाळलेलं कुत्रं चावलं की माणूस पाण्याला भितो, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून रोज मधल्या सुट्टीत सुमनला बोलवायचो, माझ्या तांब्यातलं पाणी माझ्याच पेल्यात ओतून द्यायचो आणि तिच्या गळ्याकडं बघत राहायचो. घोट उतरला की माझा जीव भांड्यात. एकदा तिला ठसका लागला — मी मटकन खालीच बसलो. तीच म्हणाली, "गुरुजी, तुमी पिता का पानी?"

असं जवळजवळ वर्षभर. सुमन जगली. त्यात माझं काही नाही.

गावाला मात्र एवढंच दिसलं, की मास्तर बौद्धवाड्यातल्या पोरीला आपल्या पेल्यातून पाणी पाजतो. काहींनी तोंड फिरवलं, काहींनी मला सुधारक म्हटलं. दोन्ही मी मिरवलं.

परीक्षा संपल्यावर गयाबाई शाळेत आली. "आमच्या पोरीला असं पानी कुणी दिलं न्हवतं, गुरुजी," म्हणाली आणि पाया पडायला वाकली.

मी पाय मागं घेतले नाहीत.