काट्याला चार्जिंग लागत नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ज्या बायांसोबत अठरा वर्षं अंगणवाडीची नोकरी केली त्यांनाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या वारंगा फाट्यावर समोरासमोर आलो तरी तुम्हाला कळणार नाही की ती मीच. बघा, कबूल करतानाही पळायची वाट आधी शोधून ठेवली आहे.

पण आधी त्या फोनबद्दल बोलू द्या. त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो राग खोटा नाही — हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तो फोन वरून आला. मीटिंगमध्ये बक्षीस दिल्यासारखा हातात ठेवला आणि सांगितलं, कागदी रजिस्टरं बंद, आता सगळं यात. सगळं म्हणजे लेकरांची हजेरी, खिचडी किती जणांनी खाल्ली, गरोदर बाया, डोस, आणि दर महिन्याचं वजन. महिनाभरात तो तव्यासारखा तापायला लागला. अ‍ॅप उघडलं की गोल फिरत राहायचं. लेकराचं नाव टाकून होईपर्यंत फोन आपोआप बंद. मेमरी भरली म्हणायचा, म्हणून फोटो पुसायचे. फोटो पुसले की आमच्या सुपरवायझर मॅडम विचारणार, फोटो कुठे? शब्द सगळे इंग्रजीत. तांड्यावर रेंज नाही, त्यामुळे नोंदी फोनातच पडून राहायच्या, वर चढायच्याच नाहीत. मी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर हात उंच करून उभी राहायची आणि खाली चाळीस लेकरं मदतनीस बाईच्या जिवावर. हे ज्याने ठरवलं, त्याने आमच्या तांड्यावर एक दुपार तरी काढली असेल का? एक तरी रडतं लेकरू मांडीवर घेऊन ते बटण दाबून बघितलं असेल का?

तर राग खरा होता. आणि मी त्या खऱ्या रागाच्या आड लपले. हेच सांगायचं आहे मला — पण एकदम तोंडातून निघत नाही.

माझी अंगणवाडी डोंगरकडा गावाहून थोडं आत, बंजाऱ्यांच्या तांड्यावर. दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला निघतो. ज्यांचं लेकरू फार लहान, ते त्याला आजीपाशी ठेवतात. पायल अशीच ठेवलेली. दोन वर्षांची, मोठ्या डोळ्यांची, गुळाच्या खड्यासाठी कुणाच्याही मागे जाणारी. तिची आजी गोमलीबाई. तांड्यात तिला सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई.

गोमलीयाडीचा आणि माझ्या वजनकाट्याचा जुना झगडा. अंगणवाडीच्या दारात वरच्या हुकाला काटा टांगलेला असतो, त्याला कापडी झोळी. लेकरू झोळीत घालायचं, काटा थांबला की आकडा वाचायचा. याडीला ते बघवायचं नाही. दाणा तोलावा, कापूस तोलावा, लेकरू तोलू नाही, त्याला दृष्ट लागते, असं तिचं ठाम मत. आणि पायलही झोळीत घातली की अशी लाथा झाडायची, अशी ओरडायची की सगळी अंगणवाडी रडायला लागायची. तांड्यातल्या बाया याडीला हसायच्या. मीही हसायची, आणि मग चारचौघींत बोलायचीही — ही म्हातारी लेकरू वजनाला आणत नाही म्हणून.

पण मनातून मला बरंच वाटायचं. एक रडारड कमी! मग मी काय केलं? मागच्या महिन्याचं वजन बघितलं, त्यात दोनशे ग्रॅम मिळवले आणि फोनात टाकलं. नऊ किलो चारशे. पुढच्या महिन्यात नऊ सहाशे. फोन हिरवा रंग दाखवायचा, म्हणजे लेकरू ठीक. तो कधी विचारायचा नाही की बाई, तू तिला उचललंस का? मला म्हणे तांड्यावर फिरून घरोघरी वजन घ्यायला वेळ नव्हता. खरं तर याडीचं घर अंगणवाडीपासून चौथं.

इथवर कबूल करायला फार जड नाही. असं करणारी मी एकटी नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. जड आहे ते पुढचं.

तिसऱ्या महिन्यात गोमलीयाडी स्वतः आली. दुपारचं जेवण वाटून झालं होतं. पायल तिच्या खांद्यावर मान टाकून पडलेली, कपाळाला काजळाचा मोठा ठिपका, मनगटाला नवा काळा दोरा. एवढा बंदोबस्त करून म्हातारी लेकरू तोलायला घेऊन आली होती — जिने जन्मभर ते पाप मानलं, ती.

"ताई, लेकरू हलकं लागून राहिलं," ती म्हणाली. "दृष्ट लागली तर लागू दे. एकडाव तोलून बघ."

मी त्या वेळी फोनाशी भांडत होते. सकाळपासून चौथ्यांदा बंद पडला होता, मॅडमचे निरोपावर निरोप, डोकं फिरलेलं. मी मान वर न करता म्हटलं, "याडी, फोन बंद आहे. उद्या ये."

कळलं का तुम्हाला? काटा तिथंच होता. तिच्या डोक्यावर, दारात, टांगलेला. काट्याला चार्जिंग लागतं का? रेंज लागते का? मी उठून लेकरू झोळीत घालायचं, एवढंच होतं. आकडा तळहातावर पेनानं लिहिला असता तरी चाललं असतं. अठरा वर्षांपैकी बारा वर्षं मी तसंच केलं होतं. पण मला वजन नको होतं, मला फोन चालू व्हायला हवा होता. याडी लेकरू घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी याडीलाच ताप आला, तिसऱ्या दिवशी मला मीटिंग. फोन चालू झाल्यावर मी नऊ किलो आठशे टाकलं. फोन हिरवा झाला.

बारा दिवसांनी पायलच्या पायांवर सूज आली. शेजारच्यांनी जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं, मीही सोबत गेले. तिथल्या काट्यावर ती साडेसात किलो भरली. साडेसात! डॉक्टरांनी विचारलं, मागच्या महिन्यांची वजनं काय आहेत? मी पर्समधून फोन काढला. तो बंद होता, बटण दाबूनही उठेना. आणि त्या क्षणी, समोर ते लेकरू सुजलेले पाय घेऊन पडलेलं असताना, मला हायसं वाटलं. मी म्हटलं, फोन खराब आहे, डेटा त्यातच आहे, वर चढलेलाच नाही.

मॅडमनी सांगितलं, वारंगा फाट्यावर दाखवा आणि नोंदी काढून आणा. फाट्यावरचा दुरुस्तीवाला हुशार माणूस. त्यानं फोन उघडला आणि म्हणाला, "मॅडम, बॅटरी फुगली, बस. आतलं सगळं बराबर हाय."

मी त्याला म्हटलं, आतलं सगळं पुसून टाका, नव्यासारखा करून द्या. त्यानं विचारलं, फोटो, नोंदी, काहीच राहणार न्हाई, चालंल ना? मी चालेल म्हटलं. त्याला खात्री वाटेना, त्यानं परत विचारलं. मी परत चालेल म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती मूठ मी अशी झाकली.

मॅडमना सांगितलं, दुरुस्तीत सगळा डेटा गेला. त्यांनी कपाळाला हात लावला, फोनाला आणि फोन देणाऱ्यांना शिव्या घातल्या. संशय कुणाला येणार? नाचता येईना अंगण वाकडे — पण इथं अंगणही खरोखरच वाकडं होतं.

पायलचे आईबाप उसाच्या फडातून आले. लेकरू दवाखान्यात वीस-बावीस दिवस राहिलं, वाचलं. घरी आल्यावर तिची आई माझ्याकडे आली. रडली नाही, भांडली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "ताई, सासूनं पायलला वजनाला आणलं व्हतं का न्हाई? ती म्हणती आणलं. एवढंच सांगा."

आणलं होतं. काजळ लावून आणलं होतं, खांद्यावर घालून आणलं होतं, आणि मी परत पाठवलं. एक शब्द पुरेसा होता — हो. मी म्हटलं, "नोंद फोनात होती. फोन गेला. आता मी कशावरून सांगू?"

ती समजायचं ते समजली. लेकरू तोलू न देणारी म्हातारी म्हणून सगळा तांडा याडीला ओळखतच होता, ती ओळख करून देण्यात माझाही हात होता. पुढच्या दिवाळीनंतर ते पायलला सोबत फडात घेऊन गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही. लेकरू उसाच्या पाचटात, खोपीत वाढतंय. आजीपाशी एक दिवसही ठेवत नाहीत, तिच्या हातचं खाऊ देत नाहीत.

आणि मी? आम्ही सगळ्या सेविकांनी तालुक्याला जाऊन फोन परत केले, टेबलावर ढीग लावला. मला बोलायला उभं केलं. मी पायलचं नाव न घेता तिची गोष्ट सांगितली — फोनानं एका लेकराची तीन महिन्यांची वजनं गिळली म्हणून. आवाज असा चढला माझा! बायांनी टाळ्या वाजवल्या, दोघी-तिघींनी डोळे पुसले. त्या दिवसापासून मी त्यांची पुढारी आहे. सांगा, एवढा संताप मी कुणावर काढत होते?

आता नवा फोन आला आहे. बरा चालतो. गोमलीयाडी कधीकधी दुपारी अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन बसते, दुसऱ्यांची लेकरं जेवताना बघते. माझ्याबद्दल तिच्या मनात काही नाही. लोकांना ती सांगते, चाळीस लेकरं असतात, ताईच्या ध्यानात कसं राहील?

परवा वजनाचा दिवस होता. याडीनं विचारलं, ह्यो फोन तरी नीट चालून राहिला का? मी हो म्हटलं.

"मागच्यात माझं खरं व्हतं," ती म्हणाली. "ते बी त्याच्यासंग गेलं. यंत्राला काय कळतं, ताई."

मी झोळी झटकली, काट्याला अडकवली आणि पुढच्या लेकराचं नाव पुकारलं.